चादरीखालचा तिसरा हात

माझ्या बायकोनं माझ्या एकाही गोष्टीला आजवर साक्ष दिलेली नाही.

लोक विचारतात, "वहिनी, हे खरं का हो?" ती म्हणते, "मी तेव्हा भाजी निवडत होते." लग्न झाल्यापासून ती भाजीच निवडतेय.

पण ही हकिकत निघाली की ती आत उठून जात नाही. हातातलं बाजूला ठेवते. आणि कुणी फिदीफिदी हसलंच, तर त्याच्याकडे अशी बघते की हसू ओठावरच वाळतं.

याच्यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. अमावास्या नव्हती, कुत्री रडत नव्हती, वाराबिरा काही सुटला नव्हता. ऐन सकाळ होती, लोक ऑफिसात पोचून पहिला चहा घेतात ती वेळ. भुतांना अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी ऑपरेशन थिएटर आतून बघितलेलं नाही. तिथले दिवे असे असतात की माणसाची सावलीसुद्धा पडत नाही.

त्या उजेडात माझं डोकं उघडं होतं.

उघडं म्हणजे टोपी काढून उघडं नव्हे.

कवटीची एक खपली काढून बाजूच्या भांड्यात ठेवलेली होती. आणि मी जागा होतो.

आणि बोलत होतो.

थांबा. हे असं का, ते आधी सांगतो. नाही तर तुम्ही म्हणाल, म्हातारा सुरुवातीलाच सुटला.

माझी दोन्ही मूत्रपिंडं कधीच संपावर गेली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मशीनला जोडून घ्यायचं, चार तास खुर्चीत पडायचं, रक्त धुऊन घ्यायचं, घरी यायचं. त्यासाठी डाव्या हातात एक शीर धमनीला जोडून दिलेली आहे. फिस्टुला म्हणतात. तिच्यातून रक्त असं दौडतं की वर बोट ठेवलं तर गुरगुर लागते. मांडीवर मांजर झोपावं ना, तशी. ती गुरगुर आहे तोवर आम्ही आहोत. सकाळी डोळे उघडले की आम्ही आधी मनगटाला हात लावतो, मग जगाला.

त्या हाताला फार जपायचं असतं. सलाइन नाही, ब्लड प्रेशरचा पट्टा नाही, उशाला घेऊन झोपायचंही नाही.

आमच्या डायलिसिसच्या खोलीत एक रीत होती. मशीन बंद झालं की दोन जाड सुया काढतात. मग त्या जागी कापसाच्या जाळीची घडी, म्हणजे गॉज, ठेवून बराच वेळ दाबून धरावं लागतं. हलकं दाबलं तर रक्त उडतं. जास्त दाबलं तर फिस्टुला कायमची बंद पडते. सुया दोन, मोकळा हात एक. म्हणून शेजारशेजारच्या खुर्च्या एकमेकांचं दाबायच्या. मी तुझं, तू माझं.

माझ्या शेजारच्या खुर्चीत लिफ्टवाला असायचा.

हा लिफ्ट दुरुस्त करणारा. शहरातल्या अर्ध्या इमारतींच्या लिफ्ट त्याच्या हातून गेलेल्या. सडपातळ, एकटा, मागेपुढे कुणी नाही. डायलिसिसमध्ये सगळ्यांनाच थंडी वाजते, पण हा गडी दोन ब्लँकेटांतही कुडकुडायचा. त्याचा हात इतका गार, की माझ्या हातावर टेकला की मी ओरडायचो, "अरे, फ्रीजमधून आणलास काय?"

मी जन्मभर गालिचे विकले. तोंडावर चालणारा धंदा. तोंड बंद झालं तर मी संपलो. त्यामुळे त्या चार तासांत मी गोष्टी सांगायचो आणि लिफ्टवाला ऐकायचा. प्रत्येक गोष्टीवर त्याचं ठरलेलं उत्तर.

"खोटं. पुढं सांग."

एवढंच. डोळे मिटलेले, चेहरा मख्ख. "खोटं. पुढं सांग."

एके दिवशी दुपारी मी त्याचं दाबत होतो. सुया नुकत्याच निघालेल्या. मी एक रंगात आलेली गोष्ट सांगत होतो. बोटाखाली त्याची गुरगुर लागत होती...

आणि ती थांबली.

मला वाटलं, मी जास्त दाबलं. बोट सैल केलं.

रक्त आलं नाही.

त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता. पुढं काय झालं ते ऐकायचं राहून गेल्यासारखा.

सिस्टर धावल्या, डॉक्टर धावले, छाती दाबली, सगळं केलं. काही उपयोग झाला नाही. त्याची खुर्ची पुसली आणि दुसऱ्याला दिली. नवा माणूस कानात बोंडं घालून गाणी ऐकायचा.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी जीभ अडखळायला लागली.

आधी बारीकसारीक. चमचा मागायचा तर शब्दच सापडेना. "ते... ते दे गं... ज्यानं ढवळतात..." बायको म्हणाली, "मुद्दाम करताय." मग एकदा शेजाऱ्याला गोष्ट सांगताना मध्येच तोंडाचं कुलूप बसलं. उजवा हात उडायला लागला. मी खाली पडलो.

डोक्याचे फोटो काढले. लिंबाएवढी गाठ. कुठं? तर जिथून माणूस बोलतो, बरोब्बर तिथं.

मेंदूचे सर्जन उंच, शांत, वरणभातासारखे सौम्य. ते म्हणाले, "काढली नाही तर बोलणं हळूहळू जाईल. मग बाकीचंही जाईल. काढताना जरा इकडचं तिकडं झालं तर बोलणं लगेच जाईल. म्हणून जागं ठेवून करावं लागेल. तुम्ही बोलत राहायचं, मी काढत राहणार. बोलणं अडखळलं की मला कळेल, इथं हात लावायचा नाही."

बायको म्हणाली, "डॉक्टर, गाठ काढा, बोलणं गेलं तरी चालेल. घरात जरा शांतता नांदेल."

सर्जन हसले. मी नाही हसलो. कारण टेबलाखाली तिनं माझा हात असा धरला होता की तिच्या बांगड्या माझ्या हाडाला रुतत होत्या.

खरी अडचण पुढं होती. भूल कोण देणार?

दोघांनी कागद वाचून मान हलवली. असल्या पेशंटला नको म्हणाले. तिसऱ्या एक बाई आल्या. बुटक्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खिशात बडीशेप. माझी फाइल चाळली, माझा डावा हात घेतला, फिस्टुलावर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं.

"मस्त चाललीय की गिरणी," म्हणाल्या.

बायकोनं विचारलं, "बाकीचे नको का म्हणतात हो?"

"त्याचं असं आहे, काकू. इतरांच्या अंगात औषध शिरतं, काम करतं, लघवीवाटे निघून जातं. यांची मोरी तुंबलेली. आलेला पाहुणा मुक्कामालाच. म्हणून मोजकेच पाहुणे बोलवायचे, तेही असे की जे आपले आपण निघून जातील. दुसरं, ऑपरेशनमध्ये मेंदू फुगला तर एक औषध देतात, ते अंगातलं पाणी लघवीतून काढतं. यांना लघवीच नाही. म्हणजे ते औषध बाद. ब्लड प्रेशर पडलं तर इतरांना बाटलीभर सलाइन ओततो. यांना ओतलं तर छातीत पाणी भरेल. म्हणजे तेही चमच्याचमच्यानं."

"मग उरलं काय?"

"मी उरले," बाई म्हणाल्या आणि तोंडात बडीशेप टाकली.

मी म्हणालो, "डॉक्टरबाई, झोपवाल तर उठेन ना?"

"काका, झोपवायला हातोडासुद्धा चालतो. मी उठवणारी आहे."

मला बाई पसंत पडल्या.

आदल्या दिवशी डायलिसिस झालं, रक्त पातळ करायचं औषध न घालता. सकाळी मला आत नेलं. बायको दारापर्यंत आली. तिथं तिला थांबवलं. ती म्हणाली, "येताना बोलत या."

बस्स. एवढंच म्हणाली.

तेव्हाच मी ठरवलं. काय वाटेल ते होवो, मी गप्प बसणार नाही.

आत मला उजव्या कुशीवर निजवलं. डोकं तीन टोकांच्या लोखंडी शिकंज्यात पकडलं. डाव्या हाताला कापूस गुंडाळला आणि तो अंगालगत, हिरव्या चादरींच्या खाली ठेवला. ब्लड प्रेशर मोजायची नळीसुद्धा पायाला लावली, हाताला नको म्हणून. डॉक्टरबाई माझ्या तोंडासमोर स्टुलावर बसल्या. वरून कापडाचा छोटा तंबू. त्या तंबूत आम्ही दोघंच. पलीकडे सर्जन, त्यांचे सहायक आणि हत्यारं देणारी सिस्टर. मला त्यांचे फक्त आवाज.

आधी थोडी भूल दिली. डोकं उघडायचं काम त्या झोपेत उरकलं. मग बाईंचा आवाज आला.

"काका, उठा. दुकान उघडायची वेळ झाली."

उठलो. दुखत काही नव्हतं. डोक्यावर कुणी तरी कपाट सरकवतंय असं वाटत होतं, इतकंच.

बाईंनी चित्रांचे पत्ते दाखवायला सुरुवात केली. "हे काय?"

"किल्ली."

"हे?"

"छत्री."

"हे?"

"बदक. पण पाय चुकलेत. असं बदक मी कुणाला विकलं नसतं."

पलीकडून सर्जन म्हणाले, "छान. आता सलग बोलू द्या. काहीही सांगा, काका."

काहीही सांगा! मला!

मी गोष्ट काढली. एका गिऱ्हाइकाला मी जिन्यावर अंथरायचा लांबलचक गालिचा विकला. त्याच्या घराला जिनाच नव्हता. बैठं घर. पण गालिचा इतका आवडला की त्यानं गालिच्यासाठी जिना बांधून घेतला.

तंबूबाहेर कुणी तरी खुसकन हसलं. बाई हसू दाबत होत्या. मध्येमध्ये त्या चादरीखाली हात घालून माझ्या डाव्या हाताची गुरगुर चाचपत होत्या. गुरगुर आहे म्हणजे रक्ताचा दाब बरा आहे, असा त्यांचा हिशेब.

मी रंगात आलो. "जिना तर झाला. आता बायको विचारते, अहो, हा जातो कुठं..."

आणि कानाशी आवाज आला.

अगदी हळू.

"खोटं... पुढं सांग."

मी थांबलो.

"काका?" बाई म्हणाल्या. "बोला ना. थांबू नका."

मी मनात म्हटलं, औषधं. मोरी तुंबलेली. कुठला तरी पाहुणा अंगात रेंगाळलाय. मी गोष्ट पुढं ओढली.

"तर जिना वर जातो आणि तिथं नुसती हवा..."

तेवढ्यात डाव्या हातावर हात आला.

कापसावरून. चादरीखालून.

मला वाटलं, बाईच. दर थोड्या वेळानं तपासत होत्याच.

पण हा हात गेला नाही. तिथंच टेकला.

मी समोर बघितलं...

बाईंच्या एका हातात पत्ते होते. दुसऱ्या हातात इंजेक्शनची पिचकारी होती.

दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर.

आणि कापसातून गारवा आत शिरायला लागला.

तो गारठा मला ओळखीचा होता. तो मी किती तरी दुपारी सोसला होता.

"बाई," मी म्हणालो, "माझा हात कुणी धरलाय?"

"कुणी नाही, काका. तिथं कुणी पोचूच शकत नाही."

हात हळूहळू दाबायला लागला. अंगठा वर, बोटं खाली. आम्ही खुर्चीत दाबायचो, अगदी तसं. घाई नाही, राग नाही. एखाद्याचं काम संपलं की मायेनं करतात, तसं.

"झालं," आवाज म्हणाला. "सुया निघाल्या. दाबतो मी. तू गप पड आता."

मला म्हणायचं होतं, अरे गाढवा, आज डायलिसिस नाही. अजून काही झालेलं नाही, सोड.

तोंड उघडलं.

शब्द आले नाहीत.

एकही नाही. जिना गेला. गालिचा गेला. बाईंनी चित्र पुढं धरलं. ती वस्तू मला माहीत होती. रोज वापरतो. पाणी पितो तिच्यातून. नाव... नाव कुठंच नाही.

"बोलणं थांबलं," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "सर, तिथून हात काढा."

पलीकडून सर्जनचा आवाज आला. तो आवाज मी विसरणार नाही.

"मी कुठंच हात लावलेला नाही. माझे दोन्ही हात वर आहेत."



मशीनचा टिकटिक आवाज बदलला. बाईंनी पडद्याकडे बघितलं. पिचकारी ठेवली. चादरीखाली हात घातला, माझा डावा हात शोधला...

त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता. तो उतरलेला मी बघितला.

"गुरगुर नाही," त्या म्हणाल्या. "प्रेशर पडतंय."

"सलाइन?" कुणी तरी विचारलं.

"बेतानं. अगदी बेतानं. ते दुसरं द्या मला, थेंबाथेंबाचं." मग माझ्याकडे वाकून, "काका, मी इथंच आहे. काहीही बोला. अगदी काहीही."

एका बाजूनं त्या. दुसऱ्या बाजूनं तो.

"किती बडबडलास आयुष्यभर," तो म्हणत होता. आवाजात थकवा होता आणि थोडं कौतुकही. "जिना बांधलास, पण वर न्यायला कुणी तरी लागतं. वर मी नेतो. बटण दाबलंय. दार उघडंय बघ."

आणि खरं सांगतो... पायाखालची जमीन वर सरकल्यासारखी वाटली. लिफ्ट सुटताना पोटात जो गोळा येतो, तो आला.

तेव्हा मी घाबरलो असेन, असं तुम्हाला वाटेल.

मी भडकलो.

अरे, मी तुझं दाबून धरलं होतं तेव्हा तुला जगवायला धरलं होतं! आणि तू? बायको दारात उभी आहे. बोलत या म्हणालीय. जन्मात पहिल्यांदा तिनं मला बोल म्हटलंय, आणि तू मला गप पड म्हणतोस?

शब्द नव्हते. नसू देत. मी घशातून आवाज काढला. रेडा ओरडतो तसा. पुन्हा काढला. जीभ टाळूला आपटली. काहीही निघो, पण मी गप्प बसणार नव्हतो. गप्प बसणं म्हणजे त्याच्या लिफ्टमध्ये पाय टाकणं, हे मला स्वच्छ कळत होतं.

आणि मग घशात अडकलेलं काही तरी सुटलं.

शिवी निघाली.

कुठली, ते लिहीत नाही. बायको वाचते. पण जुनी होती, जाड होती आणि तिच्यात लिफ्टवाल्याच्या तीन पिढ्या येत होत्या.

बाई म्हणाल्या, "शाब्बास! अजून!"

एकीमागून दुसरी निघाली. दुसरीच्या शेपटाला धरून तिसरी. आणि त्यांच्या मागून, मालगाडीसारखे, शब्द यायला लागले.

"चालता हो! तुझी लिफ्ट तुला लखलाभ! मला वर यायचं असेल तेव्हा मी जिन्यानं येईन! माझ्या सवडीनं! दर मजल्यावर टेकत, पाणी पीत, शेजाऱ्यांशी गप्पा मारत! ऐकायचं असेल तर गपगुमान बसून ऐक. नाही तर हात काढ! काढ म्हणतो ना!"

डोकं शिकंज्यात होतं म्हणून, नाही तर उठून बसलो असतो.

दाब जरा सैल झाला.

मग आणखी सैल.

आणि चादरीखाली माझं मांजर पुन्हा गुरगुरायला लागलं.

"आली," बाई म्हणाल्या. त्यांचा हात अजून तिथंच होता. "आली गुरगुर. प्रेशरही चढतंय." त्यांनी श्वास सोडला तो माझ्या तोंडावर आला. बडीशेपेचा वास.

सर्जन पलीकडून म्हणाले, "भाषा शाबूत दिसतेय." लोक हसले. जरा जास्तच मोठ्यानं हसले.

गाठ निघाली. सगळी. तोवर मी तो जिन्यावरचा माणूस वरच्या मजल्यावर पोचवला होता, कारण वर हवा नको म्हणून त्यानं मजलाच बांधला. मग बाई म्हणाल्या, "काका, आता दुकान बंद करू या." त्यांनी थोडी भूल चढवली. त्यापुढचं मला आठवत नाही.

एवढं मात्र लिहून ठेवतो, मला आठवत नाही.

जागा झालो तर बायको समोर. डोळे सुजलेले. माझ्याकडे नुसती बघत होती. विचारायची हिंमत होत नव्हती तिला.

मी म्हणालो, "भाजी निवडून झाली?"

ती रडली. मग म्हणाली, "उगाच पैसे घालवले. तशीच आहे जीभ."

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. दुपारची वेळ, वॉर्डात जेवणाच्या ताटांचा खडखडाट. त्यांनी पलंगाभोवतीचा पडदा ओढला. बायकोला म्हणाल्या, "काकू, तुम्हीही बसा."

बडीशेप काढली. खाल्ली नाही. हातातच ठेवली.

"काका, तुमचं डोकं बंद करायच्या आधी सिस्टर गॉजच्या घड्या मोजते. दिल्या तितक्या परत यायला हव्यात. एक कमी भरली तर आम्ही डोकं बंद करत नाही, शोधतो. जास्त कधी भरत नाही. भरणार कशी?"

"बरं."

"त्या दिवशी तिच्या सगळ्या बरोबर भरल्या. मग टाके घातले, चादरी काढल्या, तुमच्या हाताचा कापूस सोडवला." त्या थांबल्या. "आत एक होती."

"काय होती?"

"गॉज. चौपदरी घडी. बरोब्बर फिस्टुलावर. मीच तो कापूस गुंडाळला होता, काका. आत काही नव्हतं. आणि आमच्या थिएटरच्या गॉजमध्ये निळा दोरा असतो, आत राहिली तर फोटोत दिसावी म्हणून. हिच्यात दोरा नव्हता. ती आमची नाही."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी बाईंकडे.

दोरा नसलेली गॉज कुठं असते, मला ठाऊक होतं. डायलिसिसच्या खोलीत.

मी हसण्यावारी नेलं. "गडबडीत कुणी तरी ठेवली असेल हो."

"असेल," बाई म्हणाल्या. "प्रेशर पडलं त्याचंही कारण मी लिहिलंय. बोलणं थांबलं त्याचंही लिहिता येतं, कधीकधी झटका येतो तसा. ते सगळं मी लिहिलंय. मी त्यासाठी आलेले नाही."

"मग?"

"शेवटी मी भूल चढवत होते तेव्हा तुमचे डोळे मिटले. पण तुम्ही बोलत होतात. मोठ्यानं नाही. कुणाशी तरी बोलावं तसं. बोलायचात, मग थांबायचात... ऐकायचात... मग मान हलवता येत नव्हती म्हणून नुसतं 'अं हं' करायचात. बराच वेळ चाललं. पुढचं औषध द्यायला माझा हात धजेना."

ताटांचा आवाज लांब गेला होता.

"मी काय म्हणत होतो?"

"शब्द कळले नाहीत. घासाघीस चालल्यासारखं वाटत होतं. गिऱ्हाइकाशी करतात तशी. शेवटचं तेवढं स्पष्ट कळलं. तुम्ही हसलात. आणि म्हणालात..."

त्यांनी चष्मा काढला.

"'बरं. कबूल. तेवढं चालेल.'"

बायकोची बांगडी पलंगाच्या कठड्याला लागून वाजली.

"कशाला कबूल?" मी विचारलं.

"तेच मी विचारायला आलेय, काका."

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. किती डोकं खाजवलं, त्या टाक्यांच्या रेघेवरून किती बोटं फिरवली. भूल आणि जाग यांच्यामध्ये एक खोली आहे आणि तिथं मी काही तरी ठरवून आलोय.

सुरुवातीला मी ते उडवून लावलं. अजूनही चारचौघांत उडवूनच लावतो. म्हणतो, केलं असेल कबूल. जन्मभर गालिचे विकले मी. 'रंग जाणार नाही' म्हणून छातीला हात लावून सांगितलं आणि पहिल्या धुण्यात बादली लाल झाली. माझ्या शब्दावर जो विसंबला, त्यानं आपलं आपण बघावं. तारीख दिली असेल तर त्या तारखेला मी घरी नसेन. जागा ठरली असेल तर मी त्या रस्त्यानं जाणार नाही.

आणि मी बोलतोच आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत. डायलिसिसच्या खुर्चीत तर मुद्दाम वरच्या पट्टीत.

लोक हसतात. मीही हसतो.

पण संध्याकाळी घर शांत झालं की एकच गोष्ट डोक्यात येते...

लिफ्टवाल्यानं माझ्या एकाही शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही. इतकी वर्षं शेजारी बसला, प्रत्येक गोष्टीला खोटं म्हणाला. मला पुरता ओळखून होता तो.

मग असा माणूस माझ्या नुसत्या तोंडी कबुलीवर मला सोडून जाईल?

नाही जाणार.

त्यानं काही तरी आधीच तारण म्हणून ठेवून घेतलं असणार.

रोज सकाळी मी तपासतो. हात, पाय, डोळे. मुलांची नावं. लग्नाचा दिवस. आईचा चेहरा. दुकानातल्या गालिच्यांचे रंग, एकेक करून. सगळं जागच्या जागी लागतं. बायकोला विचारतो, "माझ्यातलं काही कमी वाटतंय का गं?"

ती आधी पटकन "नाही" म्हणायची.

हल्ली ती उत्तर द्यायच्या आधी जरा वेळ माझ्याकडे बघते.

बघू दे. मी शोधतोय. आणि काय नेलंय ते एकदा कळू दे, मग त्याची आणि माझी गाठ आहे.